जिन्यावरचे ठिपके

एकवीस वर्षांची असताना मी पनवेलमधल्या निम्म्या बायकांना नंबर देऊन टाकले होते. शून्य ते नऊ. शून्य म्हणजे दारात कोणी समोर आलं की "तुम्ही व्हा पुढे" म्हणत तिथेच उभी राहणारी, आणि नऊ म्हणजे पुढे माणूस आहे की भिंत आहे हे न बघता चालत सुटणारी. या आकड्याला मी आणि माझी मैत्रीण 'धसमुसळेपणा' म्हणायचो. महिला मंडळाच्या खजिनदार काकूंना आम्ही नऊ दिले. माझ्या आईला शून्य. स्वतःला मी चार दिले होते. मैत्रिणीने ते माझ्या नकळत खोडून सात केले.

हा चावटपणा नव्हता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या वर्गातल्या शहाण्या मुलांनी पगारपत्रक, लायब्ररीची पुस्तकं असे सरळ विषय घेतले. आम्ही दोघींनी घेतला गर्दीचा. गर्दीच्या जागेत माणसं कशी चालतात, कुठे अडतात आणि का अडतात, हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके चालवून बघायचं. कॉलेजात सगळ्यांना वाटलं, या पोरी काहीतरी भारी करतायत. खरं म्हणजे हा विषय आमच्या घरातल्या एका दुखण्यातून आला होता.

आदल्या वर्षी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिन्यात चेंगराचेंगरी झाली होती. मंडळाचा हॉल जुन्या पनवेलात, बाजाराजवळ, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. पुढच्या बाजूला एकच अरुंद जिना. वर जाणाऱ्या आणि वाण घेऊन खाली येणाऱ्या बायका मधल्या वळणावर समोरासमोर आल्या, मागच्यांनी रेटलं, आणि पलीकडच्या आळीतल्या, साठी उलटलेल्या मावशी पाच-सहा पायऱ्या गडगडत खाली आल्या. मनगट मोडलं. अख्खं गाव त्यांना मावशीच म्हणायचं, आईसुद्धा. आई लग्न होऊन पनवेलला आली तेव्हा तिचा हात धरून तिला मंडळात नेणाऱ्या याच मावशी. आणि त्या वर्षी मंडळाची कार्यवाह होती माझी आई.

तिला कोणी काही बोललं नाही. जे बोलायचं ते तिने स्वतःच स्वतःला बोलून घेतलं. त्या दिवशी दवाखान्यात गेली ती शेवटची, त्यानंतर ती मावशींच्या घरी गेलीच नाही. भाजीला निघाली की त्यांची आळी टाळून लांबून वळसा घालायची. मी विचारलं तर म्हणायची, "कुठल्या तोंडाने जाऊ?" डिसेंबरात मंडळाची बैठक झाली तेव्हा तिने सगळ्यांसमोर सांगितलं की यंदाचं हळदीकुंकू मीच करते, पण जिन्यात एकीचाही पाय घसरला तर मी मंडळ सोडते. घरी येऊन तिने हे मला सांगितलं. मंडळ सोडलं असतं तर तिच्याकडे घरातल्या चार भिंती तेवढ्या उरल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

मी तेव्हा भयंकर अतिशहाणी होते. म्हटलं, "आई, तू अजिबात काळजी करू नकोस. मी कॉम्प्युटरला विचारते."

"त्याला काय कळतंय जिन्यातलं?" आई म्हणाली.

हा प्रश्न किती चांगला होता ते मला पुढे महिन्याभराने कळलं. त्या दिवशी मी नुसतीच हसले.

कामाला लागलो ते जोरात. आधी माणसं कशी चालतात ते बघायला हवं, म्हणून आम्ही एसटी स्टँडवर जाऊन बसलो. फरशीवर खडूने रेघा मारल्या, हातात घड्याळ घेतलं, आणि या रेघेपासून त्या रेघेपर्यंत कोणाला किती वेळ लागतो ते लिहीत सुटलो. पहिल्या दिवशी छान चाललं. दुसऱ्या दिवशी बातमी पसरली की दोन बाया वही घेऊन मोजमाप करतायत, म्हणजे अतिक्रमणवाले येणार. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर स्टँडबाहेरच्या सगळ्या हातगाड्या गटारापर्यंत मागे सरकलेल्या, केळीवाला सावधान उभा, आणि रस्ता असा मोकळा की पनवेलात आजवर कोणी पाहिला नसेल. माणसं मजेत, ऐसपैस चालत होती. आमची सगळी आकडेमोड पाण्यात गेली. मैत्रीण म्हणाली, "आपण इथे रोज नुसतं बसलो तरी गावाचं कल्याण होईल."

मग हॉलचा जिना मोजायला गेलो. जिन्याच्या तोंडाशी उरणजवळच्या मोरा बंदराकडची एक कोळीण सुकी मासळी घेऊन बसायची. सोडे, जवळा, बोंबील. मंडळाच्या बायका दर हळदीकुंकवाला तिला "आजच्या दिवस जरा पलीकडे बसा हो" म्हणून विनवायच्या आणि ती दर वर्षी वीतभर सरकायची. मी टेप धरून पायऱ्या मोजायला लागले तसं तिने विचारलं, "जिना इकायला काढलाय काय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर, ठिपके, गर्दी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मापून काय होनार, बाय? जिना हाय तेवढाच हाय."

गावात एका सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी तिथलं एक मशीन रिकामं असायचं, ते त्यांनी आम्हाला वापरायला दिलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यात आम्ही हॉल काढला, जिना काढला, आणि बायका सोडल्या. एक बाई म्हणजे एक ठिपका. नियम साधा होता. पुढची जागा रिकामी असेल तर पुढे जा, नसेल तर उजवीकडे बघ, मग डावीकडे, आणि कुठेच जागा नसेल तर थांब.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा वर जाणारे ठिपके आणि खाली येणारे ठिपके जिन्यात समोरासमोर आले आणि थांबले. थांबले ते थांबलेच. कोणी हलेना. सगळे एकमेकांना वाट देत ढिम्म उभे. दहा मिनिटं आम्ही पडद्याकडे बघत बसलो. मैत्रीण म्हणाली, "तुझी आई दोनशे वेळा घातलीस वाटतं यात." तेव्हा आम्ही धसमुसळेपणा शोधून काढला. प्रत्येक ठिपक्याला आकडा दिला आणि ज्याचा मोठा त्याने रेटायचं. आता पडद्यावर असा काही गोंधळ उडाला की ठिपके भिंतीतून आरपार जाऊ लागले. एक थेट पडद्याच्या बाहेर निघून गेला, तो परत आलाच नाही. त्या खजिनदार काकू होत्या. आम्ही इतक्या हसलो की सरांनी आम्हाला बाहेर काढलं, पाणी प्या म्हणाले आणि मगच आत घेतलं.

हळूहळू ठिपके शहाणे झाले. मला तर चढलीच होती. मी त्यांना हळदीकुंकवासाठी थांबायला शिकवलं, अत्तर लावून घ्यायला शिकवलं, तिळगुळाला हात पुढे करायला शिकवलं. आणि माझ्या मते माझी कमाल म्हणजे निरोप. आपल्याकडची बाई निघाली म्हणजे काही गेली असं होत नाही. ती दारात थांबते, तिथे तिला खरं बोलायचं असतं ते आठवतं, आणि अर्धा तास जातो. तेही मी प्रोग्रॅममध्ये घातलं. दाराशी दोन ठिपके भेटले की ते काही वेळ हलायचे नाहीत. मी मैत्रिणीला म्हटलं, "बाहेरच्या देशातल्या मोठमोठ्या लोकांना हे कधी सुचणार नाही." स्वतःच्या हुशारीने माझे पाय जमिनीवर नव्हते.

तोडगा आठवडाभरात निघाला. हॉलला मागच्या बाजूने एक जिना होता, चांगला रुंद, लग्नाकार्यात आचाऱ्यांच्या वापराचा. तो खाली एका अंगणात उतरायचा. एरवी त्याचं दार बंद असे. आम्ही पडद्यावर ते दार उघडलं. पुढून वर चढायचं, मागून खाली उतरायचं. ठिपके सोडले. पुढच्या जिन्याने ते एकामागोमाग वर आले, हॉलमधून फिरले, दारात गप्पा मारल्या आणि मागच्या जिन्याने झुळझुळ निघून गेले. एकही अडला नाही. आम्ही दोघींनी खुर्च्यांवरून उठून फुगडी घातली. कॉम्प्युटरच्या खोलीत घातलेली ही पनवेलातली पहिलीच फुगडी असावी.

त्याचा कागद छापून आम्ही मंडळाच्या बैठकीत नेला. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद सतरंजीवर पसरला. सगळ्या बायका त्याभोवती पत्रिका बघायला बसल्यासारख्या बसल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून विचारलं, "यात हॉल कुठे आहे?" मी दाखवला. खजिनदार काकूंनी विचारलं, "आणि यात मी कोणती?" मैत्रिणीला ठसका लागला. घरी जाताना आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते वर्षभरात झालं नव्हतं. मी तरंगतच चालतेय असं मला वाटत होतं.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. पुढच्या जिन्यापाशी मी 'येण्याचा मार्ग' अशी पाटी लावली, मागे 'जाण्याचा मार्ग', आणि हॉलमध्ये रांगोळीचे बाण काढले. आईची हिरवी रेशमी साडी नेसून मी मागच्या दाराशी उभी राहिले. मैत्रीण पुढच्या. आई मधे, हातात करंडा घेऊन. चार वाजता बायका यायला लागल्या. जुन्या पनवेलच्या, नव्या पनवेलच्या बिल्डिंगांतल्या, कामोठ्याहून दोन रिक्षा भरून आलेल्या. सगळ्या पुढच्या जिन्याने नीट वर. यंदाचं वाण होतं चहाची गाळणी. हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ, गाळणी. सगळं प्रोग्रॅमप्रमाणे. मी तर मनात परीक्षेतल्या मार्कांची बेरीज करत होते.

पहिली बाई माझ्यापाशी आली. मी हसून म्हटलं, "इकडून उतरा, काकू." त्या चार पायऱ्या उतरल्या, थांबल्या, आणि परत वर आल्या.

"अगं, माझ्या चपला पुढे आहेत."

मला आधी काही कळलंच नाही. दुसरी आली. तिच्याही चपला पुढे. तिसरीच्याही. सगळ्यांच्याच. पनवेलातली एकही बाई चपला घालून हळदीकुंकवाला वर चढली नव्हती. पुढच्या जिन्याखाली त्यांचा हा ढीग लागलेला. अंगणातून वळसा घालून पुढे जाता आलं असतं, पण मधला बोळ गटाराचा, खडीचा. ठेवणीतली साडी नेसून अनवाणी तिथून कोण जाणार?

हे इतकं साधं होतं की मला रडूच यायला हवं होतं, पण आलं हसू, तेही थांबेना. ज्या खोलीत बसून मी तीन आठवडे हा प्रोग्रॅम लिहिला, त्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून दाराबाहेर चपला काढाव्या लागायच्या. मी रोज काढायचे. रोज त्याच दाराने बाहेर यायचे. आणि माझे दोनशे ठिपके मात्र चपला न घालताच जन्माला आले होते.

हसू थांबलं ते आईकडे नजर गेल्यावर. मागच्या दारातून परतलेल्या बायका आता पुढच्या जिन्याकडे निघाल्या होत्या, आणि पुढच्या जिन्यावर वर येणाऱ्यांची रांग खालपर्यंत होती. हे सगळं थेट गेल्या वर्षीसारखं, उलट जास्तच, कारण यंदा माझ्यामुळे सगळ्या एकदमच वळल्या होत्या. आई कुंकू लावायची थांबली. करंडा हातातच राहिला. मला वाटलं आता संपलं.

आणि शून्य नंबरची माझी आई जिन्याच्या दारात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"कोणी उतरायचं नाही. सगळ्यांनी बसा. आज उखाणा घेतल्याशिवाय एकीलाही सोडायची नाही."

खजिनदार काकू तिच्या अंगावरून जायच्या बेतात होत्या. आईने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "पहिला तुमचा." काकू बसल्या. त्या बसल्या म्हटल्यावर सगळा हॉल बसला. आईने माझ्याकडे अशी एक नजर टाकली की मी साडी वर खोचून मागच्या जिन्याने खाली धावले.

खाली मैत्रीण चपलांच्या ढिगापुढे उभी होती. वरून उखाणे ऐकू येत होते, हशा पिकत होता. मी म्हटलं, "आता या सगळ्यांना कसं फिरवायचं?"

"मानसांना कशाला फिरवतेस?" शेजारून कोळीण म्हणाली. "चपला फिरव ना. आन इकडं."

तिने बोंबील कागदावर ओतले आणि रिकामी टोपली पुढे सरकवली. मी क्षणभर त्या टोपलीकडे बघितलं, मग वास बघायची ही वेळ नाही असं ठरवून चपला भरायला लागले. भरून दिली की ती टोपली डोक्यावर घेऊन बोळातून चालू लागायची, मागून आम्ही दोघी कवेत मावतील तेवढ्या चपला घेऊन. ती एकदाही अडखळली नाही. आम्ही दोघी तीनदा एकमेकींवर आपटलो. पाच-सहा खेपा झाल्या. अंगणात चपलांच्या रांगा लावताना जोड्या जुळवायला वेळच नव्हता, म्हणून एका रांगेत डाव्या, एका रांगेत उजव्या असं मैत्रिणीने सुचवलं. त्या घाईत मला ते फार हुशारीचं वाटलं.

मग मी वर जाऊन आईला खूण केली. मागचं दार उघडलं आणि बायका उतरू लागल्या. एकामागोमाग, सावकाश, कठड्याला धरून. सगळ्या खाली पोचेपर्यंत आई वरच्या पायरीवर उभी होती. एकीचाही पाय घसरला नाही. अंगणात मात्र जो गोंधळ झाला तो पनवेल वर्षभर विसरलं नाही. बायका चपला शोधत एकमेकींना धडकत होत्या, एका पायात कोल्हापुरी आणि एका पायात रबरी घालून बघत होत्या, आणि इतक्या हसत होत्या की आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. अध्यक्षबाई दोन डाव्या चपला घालून घरी गेल्या. खजिनदार काकूंच्या नव्याकोऱ्या सँडलला बोंबलाचा वास लागला तो म्हणे होळीपर्यंत गेला नाही. घरात कोणी मासे खात नसल्यामुळे त्यांना ते सँडल बाहेरच ठेवावे लागायचे. कोळणीला आईने स्वतः अंगणात हळदीकुंकू लावलं आणि दोन गाळण्या दिल्या. तीही पदर तोंडाला लावून हसत होती.

पुढे आम्ही प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ठिपक्याला चपला दिल्या. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे चप्पल काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मोज्यांकडे, कारण त्यांचेही बूट लॅबच्या बाहेर होते. त्यांनी चांगले मार्क दिले. पण ते खूप नंतर.

त्या दिवशी हॉल रिकामा झाल्यावर सतरंज्या गोळा करताना माझ्या लक्षात आलं की आईने एक गाळणी आणि तिळगुळाची पुडी बाजूला ठेवली आहे. मावशी आल्या नव्हत्या. निरोप आला होता की आता तो जिना नको. दुपारभर आई दर थोड्या वेळाने दाराकडे का बघत होती ते मला तेव्हा उमगलं.

सोमवारी दुपारी मी क्लासला निघाले तर आई म्हणाली, "मी पण येते. दाखव मला ते तुझं." सरांनी तिला खुर्ची दिली. मी प्रोग्रॅम लावला. ठिपके वर आले, फिरले, मागच्या जिन्याने खाली गेले. आई पुढे वाकून बघत होती.

"यात मावशी कुठल्या?"

मी पडद्यावर मावशींचा ठिपका शोधायला लागले. धसमुसळेपणा सगळ्यांचा वेगवेगळा होता, पण पायऱ्या सगळे सारख्याच वेगाने उतरत होते. माझ्यासारखे. दोनशेच्या दोनशे ठिपके एकवीस वर्षांचे, धडधाकट गुडघ्यांचे. मला चपला आठवल्या नव्हत्या तेव्हा हसू आलं होतं. आता आली ती लाज.

"थांब जरा," मी म्हटलं आणि तिथेच ओळी लिहायला बसले. एक वेगळा ठिपका. सगळ्यांच्या दोन पावलांमागे याचं एक. भिंतीच्या कडेने चालायचं. प्रत्येक पायरीवर थांबायचं. आणि त्याच्या मागे जो असेल त्याने, आकडा कितीही असो, रेटायचं नाही. हे सगळं लिहायला मला अर्धा तास लागला.

मी पुन्हा चालवलं. तो ठिपका जिन्याशी आला. एक पायरी उतरला, थांबला. मागे रांग लागली. मागच्या जिन्यालाही तसंच मधे वळण होतं, तिथे तो बराच वेळ हलला नाही आणि आईने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग तो हलला. एक पायरी, आणखी एक. खाली पोचला आणि पडद्यावरून गेला.

"परत दाखव," आई म्हणाली.

मी परत दाखवलं. तिने तिसऱ्यांदाही दाखवायला लावलं. त्या वेळी वळणाशी ठिपका थांबला तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "सावकाश या, मावशी. मी आहे."

बाहेर आल्यावर तिने चपला घातल्या, पिशवीत हात घालून गाळणी आणि तिळगुळाची पुडी आहे ना ते चाचपलं. मला घरी जायला सांगितलं आणि वर्षभरात पहिल्यांदा ती मावशींच्या आळीत वळली.